कमानीखालची दोन दारं

शनिवार, १७ जानेवारी. लखनौ.

उपस्थित: कुसुममावशी (आईची धाकटी बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, प्रवासाचं कारण), माझी जाऊ अनघा, जिच्या मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही उतरलो होतो, तिची मुलगी ईशा, कॉलेजात आहे, मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीतून देते, आणि मी. अनुपस्थित: माझा दीर मिलिंद, ऑफिसच्या दौऱ्यावर, आणि मावशीचा मुलगा संजय, ठाण्यात. संजय नव्हता खरा, पण माझ्या पर्समधल्या फोनमधून तो दिवसभर आमच्याबरोबर फिरला.

प्रवासाचं कारण सांगते. मावशीचे वडील, म्हणजे माझे आजोबा, भुसावळहून बदलून लखनौच्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून आले होते. मावशीचं लहानपण तिथल्या कामगार वसाहतीत गेलं. आजोबांची पुन्हा बदली झाली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्यानंतर ती लखनौला कधी गेली नाही. गेल्या वर्षी अनघाने आमच्या घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला: जुन्या वसाहतीतली बरीचशी घरं पाडली, पण एक ओळ जपून ठेवली आहे आणि त्यातल्या एका घराचं छोटंसं संग्रहालय केलं आहे. फोटोत विटांची एक कमान होती. मी दाखवल्यावर मावशीने तो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "हे आमचं घर."

संजयने मला वेगळा फोन केला. "ताई, आई हल्ली काहीही बोलते. नोव्हेंबरमध्ये दूध गॅसवर ठेवून देवळात गेली. शेजाऱ्यांना धूर दिसला म्हणून निभावलं. आता नाशिकला एकटीला ठेवायचं की नाही हे मला ठरवायचंय. तू जातेच आहेस तिच्याबरोबर, तर नीट बघ. तिला खरंच आठवतंय का. आल्यावर सांग, मी तुझं ऐकेन."

तो वाईट मुलगा नाही. ठाण्याला त्याच्याकडे तिची खोली तयार आहे. पण मावशीला नाशिकची आपली दोन खोल्यांची जागा, आपली किल्ली आणि आपली कुंडीतली जास्वंद सोडायची नाही. म्हणजे हा प्रवास मावशीला सहल वाटत होता आणि मला परीक्षकाची खुर्ची मिळाली होती. मी यादी करून निघाले: औषधं, मफलर, ओळखपत्रं, तिळाच्या वड्या. शेवटची नोंद होती, 'संजयला फोन'.

चारबाग स्टेशन, शुक्रवार

धुक्यामुळे गाडी किती उशिरा पोचली ते लिहीत नाही. ज्यांनी जानेवारीत उत्तरेत गाडीने प्रवास केला आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी केला नाही त्यांनी करू नये.

स्टेशनाबाहेर पडताना पहिली चूक झाली आणि ती माझी होती. अनघा एका बाजूला गाडी घेऊन उभी, आम्ही दुसऱ्या बाजूला सामानावर बसून. हमाल, रिक्षावाले आणि हॉटेलांचे दलाल आमच्याभोवती रिंगण करून होते. मावशी म्हणाली, "अगं, पुढची बाजू ती घुमटांची. ही मागची." मी म्हटलं, "मावशी, साठ वर्षांत सगळं बदललंय." मग अनघाचा फोन आला. "वहिनी, तुम्ही मागच्या बाजूला उतरलात का?"

मनातल्या मनात मावशीला एक गुण दिला.

रात्री जेवायला अनघाने निमोना केला होता. ताजे मटार वाटून, मसाल्यात परतून केलेली ही दाट आमटी; वर उडदाच्या वाळवलेल्या वड्या आणि बटाटा. आपल्याकडे मटार म्हटलं की उसळ किंवा भात, फार तर करंजी. इथे थंडीत घरात निमोना शिजला नाही तर लोकांना चुकल्यासारखं होतं. मावशीने एक घास घेतला आणि म्हणाली, "नसीमच्या आईच्या हातचा यापेक्षा तिखट असायचा."

"कोण नसीम?" मी विचारलं.

"शेजारची. तुला नाही ठाऊक. लहान होती, सारखी नाक ओढायची."

मी आयुष्यात हे नाव प्रथमच ऐकत होते. आईने कधी घेतलं नव्हतं. मावशीने ते आठवलं की आत्ता तयार केलं, कसं ठरवणार? गुण द्यावा की कापावा हे मला कळेना. मी निमोना परत वाढून घेतला.

संक्रांतीला इथे लोक 'खिचडी' म्हणतात. सणाचं नावच ते. "खिचडी में घर गए थे?" असं विचारतात. अनघा सांगत होती, लग्नानंतर पहिल्या वर्षी तिने शेजारणींना हळदीकुंकवाला बोलावलं तर सगळ्या जणी जेवायच्या तयारीने आल्या आणि हातात वाणाचा चमचा नि तिळाची वडी घेऊन गोंधळून बसून राहिल्या. आता मानक नगरच्या सगळ्या बायकांना पाठ झालं आहे. वाण काय देणार ते आधी विचारून घेतात.

"आजी, आपके टाइम पे भी होता था?" ईशाने विचारलं.

"व्हायचं तर! सगळी ओळ यायची. माझी आई कुणाला सोडत नसे. कुणाला कुंकू चालत नसेल तर नुसतं अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ आणि वाण. अत्तर मात्र सगळ्यांना." मावशीने आपल्या पिशवीतून अत्तराची इवलीशी कुपी काढून दाखवली. माझ्या यादीत ती नव्हती.

वसाहत, शनिवार सकाळ

सकाळी निघालो. रस्त्यात मातीच्या कुल्हडीत मक्खन मलाई खाल्ली. दुधाचा हा फेस थंडीतच मिळतो, वर केशर आणि पिस्ते. तोंडात घातला की आपण काही खाल्लं की नाही अशी शंका येते. मी खाणं आणि न खाणं यांच्यामधल्या पदार्थांवर फारसा विश्वास ठेवत नाही, पण दुसरी कुल्हड घेतली.

अनघालाही तो फोटो कुणीतरी पाठवलेला, जागा तिने पाहिली नव्हती; म्हणून टॅक्सीवाल्याला मी स्पष्ट सांगितलं, रेल्वेचं म्युझियम. त्याने फोनच्या नकाशात टाकलं आणि भलत्याच एका ऑफिसच्या फाटकाशी आणून सोडलं. तिथला पहारेकरी म्हणाला, "यहाँ तो मैडम, बस हम ही पुराने हैं।"

पुन्हा गाडीत. आता मावशी खिडकीला नाक लावून बसली होती. "पाण्याची टाकी आली की डावीकडे," ती म्हणाली. नकाशा सरळ सांगत होता. मी ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, सीधा।" सरळ गेलो आणि एका बंद गल्लीत म्हशींसमोर थांबलो.

"काकू," ईशा मागून म्हणाली, "लेफ्ट तो आजी बोल रही थीं।"

मागे आलो. टाकी होती. डावीकडे वळलो. समोर फोटोतली कमान.

मी कमान नीट पाहिली आणि माझं डोकं पुन्हा फिरायला लागलं. एका कमानीखाली दोन दारं होती. फोटोत फक्त उजवं आलं होतं. उजव्या दारावर संग्रहालयाची पाटी होती. मावशी क्षणभर दोन्ही दारांकडे पाहत राहिली. मग पाटीच्या दारातून आत गेली, आणि आम्ही तिच्या मागोमाग.

घर म्हणजे एक खोली, तिच्या एका अंगाला स्वयंपाकघर, मागे चिमुकलं आंगण. खोलीत लोखंडी पलंग, पत्र्याची ट्रंक, भिंतीला सायकलचा पंप. खुर्चीवर निळा डगला घातलेला कामगाराचा पुतळा, कारखान्यातून नुकताच आल्यासारखा बसवलेला. मावशीने त्याला खालीवर न्याहाळलं. "इतके कोरे कपडे घालून कोण कारखान्यातून घरी येतं? आई दारातच अंगावरचे काढायला लावायची. दिवसभर तेलाचा वास."

आणि मग ती ताडकन उजवीकडे वळली, दोन पावलं गेली आणि पलंगावर आपटली.

"स्वयंपाकघर कुठं गेलं?"

"मावशी, ते डावीकडे आहे. हे बघ."

"उजवीकडे होतं."

"इथे डावीकडे आहे ना पण."

"मी सोळा वर्षं त्यात भांडी घासलीत, मला सांगू नकोस." ती भिंतीवरून हात फिरवायला लागली. "वीट कुठंय? एक वीट सुटी होती. ती काढली की पलीकडे हात जायचा."

देखरेखीला असलेले तिवारीजी, गळ्यात ओळखपत्र आणि डोक्यावर लोकरी टोपी, अदबीने पुढे आले. "माताजी, दीवार मत छुइए, चूना नया है।"

"चूना नया होगा, दीवार तो हमारी है।"

अनघाने माझ्याकडे पाहिलं. मी अनघाकडे पाहिलं. तिला संजयचं सगळं माहीत होतं. टाकी बरोबर, स्टेशन बरोबर, आणि आपलंच स्वयंपाकघर चूक? पत्ता आठवतो आणि घर आठवत नाही, असं असतं का? की घरच दुसरं आहे, आणि फोटो पाहून 'आमचं' म्हणाली तीच पहिली चूक? माझा हिशेब लागेना. फोन थरथरला. संजय: 'ओळखलं का घर?' मी तो परत पर्समध्ये टाकला.

मावशी पलंगाच्या कडेवर बसली होती. दोरी लावून 'बैठना मना है' लिहिलं होतं, त्यावरच. चेहरा असा झाला होता की मला तो बघवेना. तिला आमची नजर कळत नव्हती असं नाही.

"आजी, पानी दूँ?" ईशाने विचारलं.

तेवढ्यात आंगणाकडून एक बाई आत आल्या. सत्तरीच्या, शाल पांघरलेल्या, चष्मा दोरीला. तिवारीजी म्हणाले, "ये बाजी शनिवार को आती हैं, मेहमानों को घर दिखाती हैं।" बाजी म्हणजे ताई. त्यांनी हसून आदाब केला, आणि कुणी रडवेलं दिसलं तरी विचारायचं नाही अशा सवयीने पुतळ्याकडे वळून माहिती सांगायला लागल्या.

मावशी उठली. काय वाटलं तिला कोण जाणे. संक्रांत होऊन गेली आहे, अजून रथसप्तमी व्हायची आहे, घरात एक बाई आली आहे. तिच्या हातांना एवढंच ठाऊक होतं. तिने पिशवीतून तिळाची वडी काढून बाईंच्या हातावर ठेवली. दुसरा हात धरला, पालथा केला, कुपीचं बूच उघडलं आणि मनगटाच्या जरा खाली अत्तराची एक रेघ ओढली. जशी आपल्याकडे प्रत्येक हळदीकुंकवात ओढतात.

बाईंचं बोलणं मध्येच थांबलं. त्यांनी हात नाकाशी नेला. मग मावशीकडे बघून म्हणाल्या, "हाथ की उल्टी तरफ़ तो... हाथ की उल्टी तरफ़ तो मराठिन चाची लगाती थीं।"

"मराठिन चाची मेरी माँ," मावशी म्हणाली.

"कुसुम दीदी? जो जामुन से गिरी थीं?"

"गिरी नहीं थी. तेरे भाई ने टहनी हिलाई थी."

"हाय अल्लाह, वो आज तक नहीं मानते!"

"नसीम?" मावशीने विचारलं. "नाक पुसायला शिकलीस का?"

हे शेवटचं मराठीतून होतं, पण नसीमबाजींना कळलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा खाली आला. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मगर दीदी, आप यहाँ क्यों ढूँढ रही हैं? ये तो हमारा घर है। आपका तो बगल वाला था।"

मी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाहिलं आणि हातांनी हवेत नकाशा काढायचा प्रयत्न केला. नसीमबाजींनी मला तिथेच थांबवलं. या ओळीतली घरं जोडीजोडीने बांधलेली, त्या म्हणाल्या, मध्ये आरसा ठेवल्यासारखी. एका कमानीखाली दोन दारं, मधली भिंत सामाईक, आणि दोन्ही स्वयंपाकघरं त्याच भिंतीला चिकटलेली. त्यांच्या घरात शिरलं की डाव्या हाताला. शेजारच्या घरात शिरलं की उजव्या.

"म्हणजे बरोबर," मावशी शांतपणे म्हणाली. "उजवीकडेच."

नसीमबाजी आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथे भिंतीवर कारखान्याचा जुना फोटो टांगला होता. "तिवारीजी, ज़रा इसे उतारिए।" तिवारीजी चुन्याबद्दल काही म्हणणार होते, पण बाजींच्या आवाजात शनिवारचा पाहुणचार उरला नव्हता. फोटो उतरला. मागे विटेएवढा एक चौकोन, बाकीच्या भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचा, बुजवलेला.

"इधर से जलता कोयला जाता था, उधर से पूरन-पोली आती थी," नसीमबाजी म्हणाल्या. "और चुग़ली दोनों तरफ़ से।"

"चल, माझं घर दाखव," मावशी म्हणाली.

इथे नसीमबाजी अडखळल्या. त्यांनी तिवारीजींकडे पाहिलं. तिवारीजींनी टोपी काढून पुन्हा घातली. "वो, माताजी... पानी की लाइन उधर ही से थी, तो..."

कमानीखालच्या डाव्या दारावर छोटी पाटी होती. डावीकडे पुरुष, उजवीकडे महिला. संग्रहालय पाहायला येणाऱ्यांसाठी प्रसाधनगृह.

अशा वेळी काय बोलायचं याची तयारी माझ्या कुठल्याही यादीत नव्हती. मावशीने पाटी वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय.

"अगं," ती हसू आवरत म्हणाली, "आई आम्हाला पाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायची नाही!" आणि पिशवी माझ्याकडे देऊन ती महिलांच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, आत गेली. "आलेच आहे तर जाऊन येते."

आम्ही कमानीखाली उभ्या. नसीमबाजी लगबगीने आपल्या स्वयंपाकघरात परत गेल्या आणि आतून भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला. मग पलीकडून, भिंतीच्या टाइल्सच्या आतून, तितकेच ठोके परत आले. ईशा फोनवर चित्रण करत होती. ते चित्रण अगदीच वाईट आलं आहे, पण आवाज स्पष्ट आहे.

मी संजयला लिहायला घेतलं: 'ओळखलं. सगळं बरोबर आठवतंय.' पाठवणार होते. तेवढ्यात दोघी बाहेर आल्या आणि चहाची गडबड सुरू झाली.

परत मानक नगरला

पाठवलं असतं तर बरं झालं असतं का, मला माहीत नाही.

परतताना गाडीत मावशी थकली होती. अनघा पुढे ड्रायव्हरशी रस्त्याबद्दल बोलत होती. मावशीने माझ्या हातावर हात ठेवला आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "सुमन, निघताना गॅस बंद केलास ना?"

सुमन माझी आई. जाऊन चार वर्षं झाली.

मी म्हटलं, "हो, केला." दुसरं काय म्हणणार? ईशाने माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मग मी स्वतःशी वाद घातला. थकलेलं माणूस नावं चुकतं. मीही मिलिंदला मुलाच्या नावाने हाक मारते. दिवसभर ज्या घराबद्दल ती बोलत होती, त्या घरात तिच्याबरोबर सुमनच तर असायची, मी नव्हे. आणि या प्रवासात स्टेशनाची बाजू मी चुकले, म्युझियम मी चुकले, टाकीपाशी सरळ मी जायला लावलं. मला कुणी नाशिक सोडून ठाण्याला राहायला सांगत नाहीये. पण ती गॅसबद्दल विचारत होती. नेमकी गॅसबद्दलच.

रविवारी परतीची गाडी होती. नसीमबाजी चारबागला आल्या, पुढच्या बाजूला, घुमटांकडे, जिथे यायचं असतं तिथे. काळ्या गाजराचा हलवा डब्यात, डबा फडक्यात, फडक्याला गाठ. दोघींनी एकमेकींचे फोन नंबर घेतले. मावशीने नंबर दोनदा तपासून लिहिला, आणि बरोबर लिहिला, मी पाहिलं.

गाडी सुटल्यावर तिने शाल सारखी केली आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "संजयला सांग, स्वयंपाकघर उजवीकडेच होतं."

मला वाटत होतं, संजयने मला काय बघायला सांगितलंय ते तिला ठाऊक नाही.

"आणि बाकीचं," ती म्हणाली, "तुला काय सांगायचं ते तू ठरव. मला गाडीत काय झालं ते आठवतंय. ईशाचा चेहरा पाहिला मी."

त्यानंतर ती हलवा खायला लागली आणि मलाही दिला. फार चांगला होता. आपल्या लाल गाजरापेक्षा गोडी कमी, वास जास्त.

घरी येऊन आठवडा झाला. मफलर धुऊन ठेवले, औषधांची पुडी कपाटात गेली, अनघाला पोचल्याचं कळवलं, ईशाने पाठवलेलं चित्रण जपून ठेवलं. नसीमबाजींचा डबा घासून, त्यात नाशिकचा चिवडा भरून पाठवायचा होता, तोही परवा कुरिअरने गेला. संजयचे तीन मेसेज येऊन पडले आहेत. मी अर्धं लिहिलेलं वाक्य अजून तसंच आहे, 'सगळं बरोबर आठवतंय', आणि त्यातला 'सगळं' हा शब्द ठेवायचा की काढायचा हे ठरत नाही.

यादीतल्या बाकी सगळ्या ओळींवर खूण झाली आहे. 'संजयला फोन' अजून राहिला आहे.